लाल दोऱ्याची सुई

"काका, ज्याला एकाच कानाने ऐकू येतं, त्याला स्टिरिओचा काही उपयोग असतो का?"

रेवतीने विचारलं आणि श्यामसुंदर काकांच्या भांडुपच्या घरात शांतता झाली. तशी तिथे शांतताच असायची. दर रविवारी सकाळी आठ-दहा रेकॉर्डवेडी मंडळी काकांच्या बाहेरच्या खोलीत चटईवर नि खुर्च्यांवर दाटीवाटीने बसायची, आणि रेकॉर्ड फिरत असताना जो बोलेल त्याला त्या दिवशीचा चहा नाही, असा काकांचा नियम होता. पण आत्ता रेकॉर्डची एक बाजू संपली होती, चहा आला होता, बोलायला मुभा होती, आणि तरीही सगळे गप्प बसले. कारण एका कानाने ऐकणारी व्यक्ती त्या खोलीत एकच होती आणि विचारलं होतं तिनेच.

रेवतीचा बाबा मिहिर चहात बिस्किट बुडवून बसला होता. ते तुटून आत पडलं.

प्रश्न रेवतीचाच होता, पण तो असा चारचौघांत विचारायची पैज तिच्या वर्गातल्या भाविका आणि गार्गीने लावली होती. विचारला नाही तर गॅदरिंगमध्ये गार्गीच्या कोळीनृत्यात टोपली घेऊन नाचायचं. रेवतीला नाचाची मनापासून भीती वाटायची. प्रश्नाची त्या मानाने कमी वाटली.

गोष्ट अशी होती. रेवती मुलुंडच्या शाळेत नववीत. सहा वर्षांची असताना तिला गालगुंड झालं, आठवड्याभरात गेलं आणि जाताना डावा कान घेऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, नसच गेली, मशीन लावून उपयोग नाही, पण उजवा ठणठणीत आहे, त्याच्यावर पोरगी राज्य करेल. तेव्हापासून रेवती कुठेही गेली की डावी बाजू धरायची. रिक्षात डावीकडे, बाकावर डावीकडे, घरच्या सोफ्यावर डाव्या टोकाला. म्हणजे बाकीची दुनिया उजव्या कानाकडे राहते. आठवीपर्यंत तिने हे इतकं बेमालूम सांभाळलं की अर्ध्या वर्गाला ती शिष्ट वाटायची, हाक मारली तरी न बघणारी. मग यंदा जूनमध्ये विज्ञानाच्या नव्या मॅडम तिला म्हणाल्या, "ऐकू येत नाही का गं?" रेवती उभी राहिली आणि म्हणाली, "हो मॅडम, डाव्या बाजूने नाही येत. उजवीकडून ओरडा." वर्ग हसला, मग मॅडम हसल्या, मग रेवतीही. त्या दिवशी तिचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. आता ती रिक्षावाल्यालाही आधीच सांगून टाकायची, भय्या, मीटर जोरात बोलना, इधरवाला कान छुट्टीपे है.

आणि नेमकं आत्ताच बाबाला टर्नटेबलसाठी नवी सुई घ्यायची होती. जुनी झिजली होती. गाणारी बाई 'सखी' म्हणायची ते 'फखी' ऐकू यायचं. सुई म्हणजे नुसती सुई नव्हे, तिच्यासकट ते बोटाच्या पेराएवढं कार्ट्रिज, जे खाचेतली थरथर पकडून वायरीत सोडतं. सगळी करामत त्याचीच. बाबा तीन महिने त्याबद्दल वाचत होता, आणि अखेर त्याने ठरवलं होतं ते मोनो.

मधल्या सुट्टीत रेवतीने हे सांगितलं तेव्हा गार्गीने मोबाइल काढून शोधलं आणि भुवया वर नेल्या. "मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. स्टिरिओ म्हणजे डावीकडून वेगळा, उजवीकडून वेगळा. तुझा बाबा तर गाण्याचा किडा आहे ना? मग तो मोनो का घेईल?"

"आमच्या रेकॉर्डी जुन्या आहेत. तो म्हणतो बहुतेक मोनोच आहेत."

"की तुझ्या कानासाठी घेतोय?" भाविकाने विचारलं.

रेवतीच्या हातातला खाकरा तसाच राहिला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि एकदा आल्यावर जाईना. बाबा ऑफिसातून आला की आधी हातपाय धुतो, मग रेकॉर्ड लावतो, मग माणसांशी बोलतो. दिवसभर लिफ्टच्या कंपनीत डोकं पिकवून आलेल्या माणसाचा तेवढा एकच शौक. तो त्याने तिच्यासाठी अर्धा करायचा? आणि वर तिला सांगायचंही नाही? आत्ता कुठे ती स्वतःबद्दल मोकळी बोलायला लागली होती, आणि घरात मात्र तिला न विचारता तिची सोय बघितली जात होती, देवळात म्हातारीला पुढे सोडतात तशी. नाही, हे तिला नको होतं. पण खरं काय ते आधी कळायला हवं होतं.

म्हणून तो प्रश्न. म्हणून ती शांतता.

श्यामसुंदर काकांनी चष्मा कपाळावर चढवला. चाळीस वर्षं त्यांनी प्लेअर दुरुस्त केले होते. पोरींशी बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते तिच्याशी मोठ्या माणसासारखंच बोलले.

"उपयोग असणार. किती, ते मला नाही सांगता यायचं. मला दोन कान आहेत. तुझं तुलाच बघावं लागेल."

"मग बघू कसं?"

"मिहिर," काका बाबाकडे वळले, "मोनो कोणासाठी सांगितलीस रे?"

"कोणासाठी म्हणजे काय," बाबा चमच्याने बिस्किटाचा चिखल काढत म्हणाला, "आपल्याकडे जुना माल जास्त आहे बुवा."

रेवतीचा उजवा कान टवकारला. बाबा एरवी कधी बुवा म्हणत नसे. आईचा वाढदिवस विसरला की म्हणायचा, 'ट्रॅफिक फार होता बुवा.' बुवा आला की समजायचं, दाल में काला.

काकांनाही काहीतरी समजलं असावं. ते आत गेले आणि हळदीकुंकवाच्या करंड्यासारख्या दोन स्टीलच्या डब्या घेऊन आले. एकीला लाल दोरा, दुसरीला पांढरा. "लाल मोनो, पांढरी स्टिरिओ. एकाच कंपनीच्या, एकाच भावाच्या. वजनही सारखं करून ठेवलंय, नुसती काढायची आणि घालायची. हल्लीच्या मोनो सुया स्टिरिओ रेकॉर्डला इजा करत नाहीत, जुन्या करायच्या, त्यामुळे बिनधास्त लावा. आठ दिवस ऐका. पुढच्या रविवारी एक ठेवा, एक परत द्या." आणि डब्या त्यांनी बाबाच्या हातात न देता रेवतीच्या हातात दिल्या. "बदलायची कशी ते ये, दाखवतो. तुझी बोटं बारीक आहेत. ह्याच्या हाताला लिफ्टचं ग्रीस."

शेजारचे गुणाजी, जे प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचे, म्हणाले, "सोप्पं आहे. स्टिरिओ म्हणजे दोन माणसं दोन बाजूंनी बोलतायत. मोनो म्हणजे एकच माणूस समोर बसलाय. आंधळ्यालासुद्धा फरक कळतो."

"बहिऱ्याचं विचारतेय ती," काका म्हणाले, आणि सगळ्यात आधी रेवतीच हसली.

घरी आल्यावर तिने जेवणाआधी पहिलं काम केलं ते रेकॉर्डी मोजण्याचं. एकशे बारा. एकेकीचं वेष्टन बघून तिने दोन गठ्ठे लावले. आई, म्हणजे रश्मी, कोशिंबिरीला काकडी चोचवत हॉलमध्ये डोकावली. "दिवाळीची साफसफाई आत्ताच?"

"आई, मोनो एक्केचाळीस. स्टिरिओ एकाहत्तर."

"बरं मग?"

"मग बाबा म्हणतो आपल्याकडे बहुतेक मोनो आहेत."

आईने काकडीकडे बघितलं. "तुझ्या बाबाचं गणित तसं कच्चंच," ती म्हणाली आणि आत गेली. आईचं उत्तर एवढ्यात संपत नसे. रेवतीने तेही मनात नोंदवलं.

दुपारी प्रयोग झाला. त्यासाठी तिने बासरी आणि तबल्याची एक रेकॉर्ड निवडली. वेष्टनावर ठळक अक्षरांत स्टिरिओ लिहिलेलं, मागच्या बाजूला चित्रही, की डावीकडे बासरीवाला बसलाय आणि उजवीकडे तबलजी. आधी लाल. दांडीच्या टोकाची कडी फिरवली, जुनं डोकं काढलं, नवं बसवलं, कडी आवळली. आई म्हणाली, बाळाला टाळूवर तेल घालतानासुद्धा मी एवढी जपून नव्हते. सुई खाली आली, आणि तिघंही आपापल्या जागी बसली. बाबा मधोमध, आई उजव्या टोकाला, रेवती डाव्या.

झकास वाजलं. 'स' चा 'स' ऐकू यायला लागला असता, पण बासरीत स नसतो. तरी बासरीवाल्याचा श्वास ऐकू आला, जो जुन्या सुईत कधीच आला नव्हता. मग पांढरी. तीच रेकॉर्ड, तीच बाजू, सुरुवातीपासून.

झकासच वाजलं. अगदी तसंच.

"फरक वाटला?" रेवतीने विचारलं.

"मला तर काही फरक वाटला नाही बुवा," बाबा म्हणाला. "मग मोनोच घेऊ. जुन्या रेकॉर्डींची खरखर पण कमी होते."

आई म्हणाली की तिला कुकर लावायचाय.

रेवती डाव्या टोकाला बसून राहिली. फरक तिलाही कळला नव्हता. आंधळ्यालासुद्धा कळतो म्हणाले होते गुणाजीकाका. म्हणजे तिचा कान एवढासुद्धा फरक पकडत नाही? म्हणजे बाबाचंच बरोबर, तिच्यासाठी मोनो काय, स्टिरिओ काय, सगळं एकच? दोन दिवस ती त्याच विचारात होती. शाळेत भाविकाने पैज हरल्याबद्दल नाक मुरडलं तेव्हाही रेवतीला नेहमीसारखा टोमणा सुचला नाही.

"काय झालं यार तुला?"

"माझ्या कानाची पुरती वाट लागलीय." आणि तिने सगळं सांगितलं.

भाविका विचार करणारी मुलगी होती. तिच्या पप्पांचं घाटकोपरला चष्म्यांचं दुकान होतं, आणि एखाद्याला दिसत नसेल तर आधी काच पुसून बघावी, हे ती लहानपणापासून शिकली होती. "पण तुझ्या बाबालाही फरक नाही कळला ना? त्यांचे दोन्ही कान चांगले आहेत."

"तो बुवा म्हणाला."

"आणि मी बुवा म्हणत नाही. संध्याकाळी येते."

मंगळवारी क्लासनंतर भाविका आली. घरात दोघीच होत्या. रेवतीने तिला सोफ्याच्या मधोमध बसवलं, डोळ्यांवर आईची ओढणी बांधली आणि सांगितलं, बासरी जिथून येते तिकडे बोट दाखव. आधी लाल सुई लावली. भाविकाने सरळ समोर, दोन्ही स्पीकरच्या मधल्या शोकेसकडे बोट दाखवलं. मग पांढरी लावली. भाविकाने पुन्हा तिथेच बोट दाखवलं.

"तबला?"

"तिथेच. बासरीवाल्याच्या मांडीवर बसलाय."

"नीट ऐक गं."

"अगं ऐकतेय ना. मध्येच आहे. माझे दोन्ही कान शिल्लक आहेत, सच्ची."

रेवतीने सुई उचलली. एवढा आनंद तिला प्रगतिपुस्तक बघूनही कधी झाला नव्हता. दोष तिच्या कानात नव्हता. दोष सुईत होता. तिने तडक श्यामसुंदर काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काका, रेवती बोलतेय, मुलुंडहून. तुमच्या दोन्ही सुया मोनो आहेत."

काका म्हणाले, "मुली, मला बायकोने विसरभोळा म्हटलेलं चालतं. पण सुईच्या बाबतीत नाही. पांढऱ्या दोऱ्याची मी स्वतः तपासून दिलीय."

"पण बासरी मध्ये येतेय."

"अ‍ॅम्प्लिफायर कोणता आहे तुमच्याकडे? मी कधी बघितला नाही. पुढून फोटो काढून पाठव."

अ‍ॅम्प्लिफायर आजोबांच्या वेळचा, मिठाईच्या खोक्याएवढा, शोकेसच्या खालच्या कप्प्यात. पुढे दोन मोठ्या चकत्या आणि त्यांच्याखाली चार बटणं, ज्यांच्यावरची अक्षरं कधीच पुसून गेलेली. खरं तर तीनच बटणं. तिसऱ्याच्या जागी एक काळा, सपाट डाग होता. ते बटण तुटलंय, तिथे हात लावायचा नाही, शॉक बसेल, असं बाबाने तिला लहानपणी सांगितलेलं. तिने फोटो पाठवला. फोन लगेच वाजला.

"तिसरं बटण कोणी बुजवलंय?"

"ते तुटलंय."

"तुटलेलं नाही. आत दाबून वरून एम-सील भरलंय आणि काळा रंग मारलाय. फोटो मोठा करून बघ, बोटाचा ठसासुद्धा दिसतोय. ते मोनोचं बटण आहे. ते दाबलेलं असलं की कुठलीही सुई लाव, सोन्याची लाव, आवाज मोनोच येणार. बाकीचं तुमच्या घरातलं आहे. त्यात मी पडत नाही."

फोन ठेवल्यावर दोघी त्या काळ्या डागासमोर मांडी घालून बसल्या. ठसा होता खरा. अंगठ्याचा, रुंद.

"तुझा बाबा," भाविका म्हणाली, आणि वाक्य तसंच सोडून तिने ओढणीची नीट घडी केली, सोफ्यावर ठेवली आणि ती घरी गेली.

साडेसहाला आई ऑफिसातून आली. चप्पल काढायच्या आत रेवतीने तिला हाताला धरून शोकेससमोर नेलं आणि डागावर बोट ठेवलं. आईने पर्स खाली ठेवली. टेकत टेकत जमिनीवर बसली.

"कळलं तर," ती म्हणाली. "मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं, मोठी झाली की हिला कळणारच."

"कधी केलं?"

"तू पहिलीत होतीस. कानाचं होऊन वर्षही झालं नव्हतं. हीच बासरीची रेकॉर्ड लागली होती. तबला जोरात आला आणि तू विचारलंस, बासरीवाला काका घरी गेला का? बासरी वाजतच होती गं. पण तुझ्या डाव्या बाजूला. बाबा उठला, बटण दाबलं, तू म्हणालीस, आला परत. झालं. मग दोन-तीन दिवसांनी मालनमावशीकडची मंडळी आली, त्यांच्यातल्या कुणीतरी चाळा म्हणून बटण बाहेर काढलं, आणि तू परत तेच विचारलंस. ती माणसं गेल्यावर बाबा खाली वाण्याकडे जाऊन एम-सील घेऊन आला."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं."

"आणि तू काही बोलली नाहीस."

"मला मेलीला त्यातलं काय कळतंय. मला दोन्ही सारखंच." मग आईच म्हणाली, "तसं नाही. सारखं नाही. पण तू डाव्या टोकाला बसून मान डोलवायचीस. ते बघितलं की वाटायचं, राहू दे."

रेवतीला रडू आलं नाही, ह्याचं तिलाच नवल वाटलं. राग मात्र आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना, कारण ज्याच्यावर काढायचा त्याने वाईट काहीच केलं नव्हतं. तिने टूलबॉक्समधला छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि एम-सीलच्या कडेला खुपसला. ते दगड झालं होतं. दुसऱ्या झटक्याला ड्रायव्हर सटकला आणि पत्र्यावर लांब ओरखडा उठला.

"थांब, तोडशील आजोबांचा डबा," आई म्हणाली. आत जाऊन तिने केसांचा ड्रायर आणला, प्लग लावला आणि त्या डागावर गरम वारा धरला. "हातावरची मेंदी सुकवताना धरतात तसा दम धर. आता काढ, हळूहळू."

मायलेकी पाऊण तास त्यात रमल्या. एम-सील गरम झालं की खोबऱ्याच्या कातळीसारखं सुटायचं, गार झालं की पुन्हा अडायचं. साडेसातला बाबाने लॅच उघडली, तेव्हा शेवटचा तुकडा निघत होता. त्याने बूटही काढले नाहीत. दारातच उभा राहिला, एका हातात डबा, एका हातात भाजीची पिशवी.

रेवतीने बटण दाबलं. टक करून ते बाहेर आलं, आठ वर्षांनी.

"शॉक नाही बसला," ती म्हणाली.

"रेवा, ऐक ना."

"आधी तू ऐक. हातपाय धू आणि तुझ्या जागेवर बस."

बाबा मुकाट्याने हातपाय धुऊन आला. रेवतीने पांढऱ्या दोऱ्याची सुई तपासली, बासरीची रेकॉर्ड लावली, आणि सोफ्याच्या डाव्या टोकाला बसली. ह्या वेळी तिने रेकॉर्डकडे पाहिलंच नाही. बाबाकडे पाहत राहिली.

पहिला सूर आला आणि बाबाची मान डावीकडे गेली. कोणी दार उघडून आत आलं की जाते तशी. मग तबल्यावर थाप पडली आणि मान उजवीकडे. त्याच्या हातातला नॅपकिन तसाच राहिला. तो हसत नव्हता, रडत नव्हता, नुसता ऐकत होता, आणि रेवतीला आठवत होतं तेवढ्या सगळ्या वर्षांत तिने त्याला असं ऐकताना बघितलं नव्हतं. सोफ्याच्या पाठीला न टेकता, थोडं पुढे झुकून.

आणि तिला स्वतःला काय ऐकू आलं? खोटं कशाला बोला. तबला समोर होता, खणखणीत. बासरी भिंतीपलीकडच्या घरात वाजत असल्यासारखी, मऊ, धार गेलेली. लय वाढली तशी तबल्याने तिला गिळूनच टाकलं. पहिलीतल्या रेवतीने विचारलं होतं ते अगदी बरोबर विचारलं होतं. बासरीवाला काका घरी गेला होता.

बाबाला तिचा चेहरा दिसला. तो लगेच उठला. "बघितलंस ना? म्हणून म्हणतो. मोनोच बरी." आणि त्याचा हात बटणाकडे गेला.

"हात नको लावू."

"अगं, पण तुला बासरी..."

"बाबा, खाली बस. मी ऐकतेय."

तो बसला. रेवती उठली. आधी तिने नुसती मान डावीकडे, बाल्कनीच्या दिशेने वळवली, म्हणजे उजवा कान दोन्ही स्पीकरच्या समोर आला. बासरी भिंतीतून बाहेर आली. मान सरळ केली, गेली. पुन्हा वळवली, आली. मग ती डाव्या स्पीकरजवळ जाऊन जमिनीवर बसली, आणि तिथे बासरीच बासरी होती, बोटं भोकांवरून उठताना होणारा बारीकसा टप टप आवाजही. तिथून चार पावलं चालत ती उजवीकडे आली. वाटेत बासरी मागे पडत गेली आणि तबला पुढे येत गेला, जसं गल्लीतून चालताना एका घरातलं फोडणीचं चुरचुरणं मागे राहतं आणि पुढच्या घरातला टीव्ही सुरू होतो. मोनोमध्ये हे कधीच झालं नव्हतं. तिथे हॉलमध्ये कुठेही उभं राहा, सगळं एका जागी, एका गठ्ठ्यात. इथे खोलीला जागा होत्या. फक्त त्या तिला एका जागी बसून मिळणार नव्हत्या, चालून मिळणार होत्या.

आईने विचारलं, "फेऱ्या का घालतेस गं, वडाला घातल्यासारख्या?"

बाजू संपेपर्यंत ती फिरतच राहिली. सुई आतल्या रिकाम्या खाचेत पोचली आणि खर्र खर्र करत राहिली. रेवतीने दांडी उचलली, जागेवर ठेवली, आणि दोघांच्या समोर उभी राहिली. वक्तृत्व स्पर्धेत उभी राहायची तशी, हात मागे बांधून.

"मला सोफ्यावर बसून बासरी ऐकू येत नाही," ती म्हणाली. "हे खरं आहे. म्हणजे बाबाचं चुकलं नव्हतं."

"मग तेच तर," बाबा म्हणाला.

"मध्ये बोलायचं नाही, चहा मिळणार नाही. पण तू आठ वर्षं माझ्यासाठी अर्धं गाणं ऐकलंस, आणि मला वाटत होतं आपण सगळे एकच गाणं ऐकतोय. त्यातलं काही मी मागितलं नव्हतं. पहिलीतली रेवती मागत असेल, मी नाही. मला आता सांगता येतं. मॅडमना सांगता येतं, रिक्षावाल्याला सांगता येतं, तर तुला नाही येणार?"

बाबाने नॅपकिन गुडघ्यावर ठेवला. "तुला वाईट वाटेल असं वाटलं बुवा." मग त्यालाच ते ऐकू आलं, आणि तो म्हणाला, "बुवा नाही. खरंच वाटलं. आणि नंतर, एवढी वर्षं झाल्यावर, सांगायचं कसं हेच कळेना. नवी मोनो सुई आली असती की बटणाचा प्रश्नच मिटला असता."

"म्हणजे एम-सीलच्या जागी महागडं एम-सील," आई म्हणाली.

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मी मधे बसलेय."

रेवतीने दोन्ही डब्या टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवल्या. तिचं ठरलं होतं. बासरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत, उजव्या स्पीकरकडून डाव्या स्पीकरकडे परत येताना, ठरलं होतं.

"ऐका. पांढऱ्या दोऱ्याची सुई आपण ठेवतोय. स्टिरिओचं मोनो एका बटणाने होतं, पण मोनोचं स्टिरिओ कोणालाच करता येत नाही, श्यामसुंदर काकांनासुद्धा नाही. लाल डबी रविवारी मीच त्यांना परत देणार. बाबा, तू मधोमध बसायचं आणि दोन्हीकडचं ऐकायचं, माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. मी सोफ्यावर बसणार नाही, मला पाहिजे तिथे उभी राहीन, फिरेन, कधी स्पीकरला टेकून बसेन. आणि एखादं गाणं मला सगळ्यांच्या शेजारी बसून, मांडी घालून, सगळंच्या सगळं ऐकायचं असेल, तर मी सांगेन, आणि उठून ते तिसरं बटण मी दाबेन. तुम्ही दोघांनी त्याला हात लावायचा नाही."